फुलपाखरांची बाग

बागेत फुले लावली की फुलपाखरे आपोआप येतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. सकाळचे ऊन तापू लागले म्हणजे झेंडूच्या वाफ्यावर चार-दोन फुलपाखरे भिरभिरताना दिसतात, मध पितात आणि कुंपणावरून निघून जातात. वाटेवरच्या धर्मशाळेत प्रवाशाने उतरावे, चार घास खावेत आणि पुढच्या गावाचा रस्ता धरावा, तसाच हा प्रकार असतो. त्या फुलपाखराचा जन्म त्या बागेत झालेला नसतो आणि त्याची संतती तेथे वाढणारही नसते. धर्मशाळा आणि घर यांत जे अंतर आहे, तेच नुसत्या फुलबागेत आणि फुलपाखरांच्या बागेत आहे.

घर म्हणावयाचे, तर तेथे लेकरांच्या जेवणाची सोय हवी. फुलपाखराचे लेकरू म्हणजे अळी. अळीला मध पिता येत नाही. तिला सोंड नसते. पाने कातरण्याजोगे बळकट जबडे असतात. तिला पाने हवीत, आणि तीही कोणतीही चालत नाहीत. लिंबाच्या पानांवर वाढणाऱ्या अळीला रुईच्या पानांवर ठेवले, तर ती उपाशी मरेल; पण त्या पानाला तोंड लावणार नाही. वनस्पती आपल्या पानांच्या रक्षणासाठी त्यांत कडू, उग्र किंवा विषारी द्रव्ये साठवितात. ती पचविण्याची शक्ती प्रत्येक जातीच्या अळीने फार मोठ्या काळात, पिढ्यान्‌पिढ्या मिळविलेली आहे. आणि ती थोड्याच वनस्पतींपुरती आहे. म्हणून कोणत्या झाडावर कोणती अळी वाढते, हे जाणणे हेच अशी बाग करण्यातील पहिले ज्ञान होय.

हे ज्ञान मादीला उपजतच असते. अंडी घालावयास निघालेल्या मादीचे उडणे निराळे असते. ती फुलांकडे फारसे लक्ष देत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ती सावकाश फिरते, एखाद्या पानावर क्षणभर टेकते, पुढचे पाय पानावर आपटल्यासारखे करते आणि उडून जाते. पाहणाऱ्याला तो चाळा वाटतो. वस्तुतः ती परीक्षा असते. फुलपाखराला चव पायांनी कळते. पायांवरील सूक्ष्म केसांनी ती पानाचा रस ओळखते. हेच आपल्या अळीचे अन्न, अशी खात्री पटली म्हणजे ती पोटाचे टोक वाकविते, कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढे एक अंडे चिकटविते आणि दुसरे पान शोधू लागते. काही जातींच्या माद्या एकाच ठिकाणी अनेक अंडी घालतात. परंतु पुष्कळशा जातींत एका पानावर एकच अंडे घातलेले आढळते. एका पानावर दहा तोंडे झाली, तर दहाही उपाशी राहावयाची.

महाराष्ट्रात हा व्यवहार पाहावयास रानात जावे लागत नाही. परसातील कढीलिंब त्यासाठी पुरेसा आहे. कढीलिंब, कागदी लिंबू, संत्रे, मोसंबी आणि बेल ही एकाच कुळातील झाडे. 'बहुरूपी' नावाचे काळे फुलपाखरू कढीलिंबावर आणि लिंबावर अंडी घालते. काळ्या पंखांवर पिवळ्या ठिपक्यांची नक्षी असलेले दुसरे एक फुलपाखरू लिंबावर तर हमखास येते. अंडी प्रथम फिकट पिवळी असतात. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते, आणि पुष्कळदा आपल्या अंड्याचे रिकामे कवच हेच तिचे पहिले जेवण असते.

या वयात अळी दिसते कशी, तर पाखराच्या विष्ठेसारखी. काळपट तपकिरी अंग, मध्ये पांढरा डाग, वर ओलसर चकाकी. पानाच्या मध्यावर ती उघडीच बसलेली असते, तरी पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतो. आपलीच घाण कोण खाणार? अळीची कातडी तिच्या अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून अंगरखा तोकडा झाला म्हणजे बदलावा, तशी ती कात टाकते. अशी चार वेळा कात टाकल्यावर तिचे रूप एकदम पालटते. ती हिरवीगार होते. आता तिचा आकार करंगळीएवढा झालेला असतो. एवढी मोठी विष्ठा पाखराची नसते, तेव्हा जुने सोंग आता उपयोगाचे नाही. बहुरूपीच्या अळीच्या मानेमागचा भाग फुगीर असतो आणि त्यावर डोळ्यांसारखे ठिपके असतात. काडीने किंचित डिवचले, तर डोक्यामागून तांबडे, दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. ते शिंग मऊ असते, बोचत नाही. मुंग्या आणि लहान शत्रू त्या वासाने मागे हटतात. एकदा एवढे पाहून झाले म्हणजे पुन्हा पुन्हा डिवचू नये; तो वास तयार करण्यात अळीची शक्ती खर्च होते.

शेवटच्या कातीनंतरचे चार-सहा दिवस हे खरे खादाडपणाचे. अळी आयुष्यभर जेवढी पाने खाते, त्यांतील बहुतेक याच दिवसांत खाते. मग एके दिवशी ती खाणे थांबविते, अस्वस्थपणे भटकू लागते आणि एखादी काडी निवडते. तेथे रेशमाची गादी करून ती शेपटीकडचे टोक रोविते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधते. माडावर चढणारा माणूस कमरेला दोर बांधून मागे रेलतो, तशी ती त्या धाग्यावर रेलून राहते. एक-दोन दिवसांत शेवटची कात गळते आणि आत कोश दिसू लागतो. हिरव्या काडीवर तो बहुधा हिरवा असतो, वाळलेल्या काडीवर बहुधा तपकिरी. कोशाचे डोळे फुटलेले नसतात, तोंड उघडलेले नसते. पण आत अळीचे जुने शरीर बरेचसे विरघळून त्यातून पंख, पाय, सोंड असे सर्व नवे घडत असते.

दहा-बारा दिवसांनी कोश काळपट होतो. कवचातून पंखांचा रंग दिसू लागला, की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठावे. कवच फुटते आणि ओल्या चिंधीसारखे पंख असलेला एक जीव बाहेर येतो. त्याला फुलपाखरू म्हणावयासही धीर होत नाही. तो काडीला उलटा लटकतो आणि शरीरातील द्रव पंखांच्या शिरांत भरू लागतो. काही मिनिटांत पंख पसरतात. पण ते वाळून ताठ व्हावयास तास-दोन तास लागतात. या वेळी कोणी मदत म्हणून पंख ओढले किंवा कोशाचे कवच सोलले, तर ते फुलपाखरू जन्मभर उडू शकत नाही. त्याला लटकावयास मोकळी जागा मिळाली, एवढे पुरे असते.

अळी आणि फुलपाखरू ही एकाच प्राण्याची दोन रूपे आहेत, ही गोष्ट आज लहान मुलालाही ठाऊक असते. पण सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात किडे चिखलातून किंवा कुजक्या पदार्थांतून आपोआप उत्पन्न होतात, असे पुष्कळ लोक मानीत. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरी १६४७ साली जन्मलेली मारिया सिबिला मेरियन ही मुलगी तेरा वर्षांची असताना रेशमाचे किडे पाळू लागली. पुढे ती दिसेल ती अळी घरी आणी, कोणती अळी कोणते पान खाते ते शोधून काढी आणि अंडे, अळी, कोश व फुलपाखरू अशी सर्व रूपे त्या वनस्पतीसह एकाच चित्रात रंगवी. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १६९९ साली, ती आपल्या धाकट्या मुलीला बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली आणि तेथील कीटकांवरचा तिचा चित्रमय ग्रंथ १७०५ साली प्रसिद्ध झाला. तिच्याजवळ मोठी साधने नव्हती. डबे, पाने आणि वाट पाहण्याची तयारी एवढ्यावर तिचे काम चाले. आणि एवढे कोणत्याही परसात मिळते.

कढीलिंबाप्रमाणेच दुसरी उपयोगी वनस्पती म्हणजे रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, तीच ही. रुईच्या पानांत पांढरा विषारी चीक असतो. शेळ्यासुद्धा सहसा तिच्या वाटेस जात नाहीत. पण 'बिबळ्या कडवा' या नारिंगी फुलपाखराची अळी ही पाने आनंदाने खाते. एवढेच नव्हे, तर त्यांतील विष ती आपल्या अंगात साठवून ठेवते. ते विष कोशात उतरते आणि फुलपाखरातही राहते. त्यामुळे हे फुलपाखरू पक्ष्यांना कडू लागते. एखाद्या अननुभवी पक्ष्याने त्याला चोचीत धरले, तर तो ते टाकून देतो आणि नारिंगी पंखांची खूण त्याच्या लक्षात राहते. म्हणूनच बिबळ्या कडवा इतक्या संथपणे, न घाबरता उडतो. अळीच्या अंगावरही काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे असतात. लपण्याची तिला गरज नसते.

या गोष्टीला आणखी एक गंमतीचा पदर आहे. बिबळ्या कडव्याचा हा लौकिक दुसरेच एक फुलपाखरू वापरते. 'छोटा चांदवा' या जातीचा नर काळा असून त्याच्या पंखांवर चंद्रासारखे पांढरे ठिपके असतात. त्याची मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी नारिंगी दिसते. तिच्या अंगी विष नसते. केवळ वेषावर ती पक्ष्यांना फसविते. तिची अळी घोळीची पाने खाते. घोळ ही गरिबाची भाजी, आणि बागेतून उपटून टाकावयाचे तणही. वाफा स्वच्छ करताना घोळीचा एक कोपरा राखला, तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच अंगणात पाहावयास मिळतात. पंखांवरील काळ्या ठिपक्यांच्या संख्येवरून दोहोंतील भेद ओळखता येतो: बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार ठसठशीत काळे ठिपके असतात, तर छोट्या चांदव्याच्या मादीला तेथे बहुधा एकच असतो.

इतर झाडांचा हिशोब थोडक्यात सांगता येईल. कण्हेरीवर 'हबशी' नावाच्या काळसर फुलपाखराची अळी वाढते आणि तिचा कोश पाऱ्याप्रमाणे चकाकतो. कृष्णकमळाच्या वेलावर, एरंडावर, बहाव्यावर, उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकावर निरनिराळ्या जातींची फुलपाखरे अंडी घालतात. आंब्याच्या पानावर एक अळी अशी बसते की तिच्या पाठीवरची फिकट रेघ पानाच्या मधल्या शिरेवर बरोबर जुळते. बोट दाखविल्यावरही ती चटकन दिसत नाही. आंब्याच्या झाडाला बांडगूळ लागले, तर माळी ते तोडतो, आणि ते योग्यच आहे. पण 'हळदीकुंकू' हे पंखांच्या खालच्या बाजूस पिवळा व तांबडा रंग ल्यालेले सुंदर फुलपाखरू त्या बांडगुळावरच वाढते. गवताच्या साध्या पात्यांवरही काही तपकिरी फुलपाखरांचे पोषण होते. रुई लावताना मात्र तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. तो डोळ्यांस अपायकारक आहे. कण्हेर सर्वांगी विषारी असल्यामुळे तिचे पान, फूल वा बी तोंडात घालू नये. शेवग्याच्या खोडावर थव्याने बसणाऱ्या केसाळ सुरवंटांना हात लावू नये; त्यांच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते.

आता अडचणीचा प्रश्न येतो. कढीलिंबाची पाने फोडणीला हवी असतात आणि अळीलाही हवी असतात. स्वयंपाकघरातून आई किंवा आजी झाडाकडे येते, तेव्हा तिला शेंडे खाल्लेले दिसतात. तिचा राग अवाजवी नसतो. विदर्भातील संत्र्याच्या रोपवाटिकेत तर हीच अळी कोवळ्या रोपांची सर्व पाने खाऊन टाकते, आणि ज्याचा संसार त्या रोपांवर चालतो त्याला फुलपाखराचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. शेतकऱ्याची गरज निराळी आणि घरच्या बागेची निराळी. घरच्या बागेत यातून मार्ग काढता येतो. जागा असेल तर कढीलिंबाची दोन झाडे लावावीत, एक घराचे आणि एक अळ्यांचे. घराच्या झाडावर अळी दिसली, तर ती बसलेल्या पानासह उचलून दुसऱ्या झाडावर न्यावी. झाड लहान असेल, तर दोन-तीन अळ्या ठेवून बाकीच्या लिंबावर सोडाव्यात. चांगले रुजलेले झाड पाने गेल्याने मरत नाही. पाणी मिळाले म्हणजे त्याला नवी पालवी फुटते, आणि ती नवी पालवीच पुढच्या मादीला अधिक आवडते.

कीटकनाशकाला मात्र या बागेत जागा नाही. बाजारातील पुष्कळशा औषधांना मावा आणि फुलपाखराची अळी यांतील फरक कळत नाही. निंबोळीचा अर्क निरुपद्रवी म्हणून अनेक जण निःशंकपणे फवारतात. परंतु त्याने अळ्यांचे खाणे मंदावते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते. अळीच्या बाबतीत तोही घातकच. रोपवाटिकेतून विकत आणलेल्या रोपांवर पूर्वी फवारणी झालेली असू शकते. अशी रोपे आणल्यावर पाने धुवावीत, आणि नवी पालवी येईपर्यंत त्यांवर अळ्या सोडू नयेत. मावा फार झाला, तर पाण्याच्या जोरकस धारेने तो धुऊन काढता येतो.

अन्नाची आणि अभयाची सोय झाली, म्हणजे फुलांचा विचार करावा. येथे काम सोपे आहे. फुलपाखराची सोंड घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते आणि मध पिताना ती सरळ होते. बसावयास सपाट जागा आणि सोंड पोचेल एवढी अरुंद नळी, असे फूल त्याला सोयीचे. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, एक्झोरा, पेंटास ही फुले त्या दृष्टीने चांगली. ती लावताना शक्यतो साधी, एकेरी पाकळ्यांची घ्यावीत. भरगच्च दुहेरी फुले माणसाच्या डोळ्यांना शोभिवंत दिसतात, पण त्यांत मध कमी असतो किंवा पाकळ्यांच्या दाटीत सापडत नाही. घाणेरीवर फुलपाखरे फार येतात हे खरे. तरी ती लावू नये. अमेरिकेतून बागेसाठी आणलेली ही वनस्पती आपल्या रानांत एवढी पसरली आहे, की तिच्याखाली इतर झाडाझुडपांना उगवावयास जागा उरत नाही. तिच्याऐवजी रस्त्याकडेला आपण होऊन उगवणारी एकदांडी राहू द्यावी. हिचे पांढरे-पिवळे फूल बोटभर दांडीवर एकटेच असते आणि तिला कोणी बागेत मान देत नाही. पण लहान फुलपाखरांची पंगत तिच्यावरच बसते.

जागा उन्हाची हवी. फुलपाखराला स्वतःची ऊब निर्माण करून टिकविता येत नाही. सकाळी पंख उघडून उन्हात बसल्यावर त्याचे शरीर तापते आणि मगच त्याला नीट उडता येते. म्हणून बागेत पूर्वेकडे दोन-चार सपाट दगड ठेवावेत. वाऱ्याच्या बाजूस कुंपण किंवा वेल असावा. फुलपाखरे, विशेषतः नर, ओल्या मातीवर बसून क्षार शोषतात. फुलांच्या मधात क्षार फार थोडे असतात. त्यासाठी परळात माती आणि वाळू घालून ती ओलसर ठेवावी. पाणी साचू मात्र देऊ नये, नाहीतर फुलपाखरांआधी डास येतील. जास्त पिकलेले केळे किंवा आंब्याची साल एका कोपऱ्यात ठेवली, तर फुलांकडे न फिरकणाऱ्या काही जाती त्यावर उतरतात.

अंगण नसलेल्या घरांनी निराश होण्याचे कारण नाही. चाळीच्या सज्जात किंवा इमारतीच्या खिडकीत लिंबाची एक कुंडी, कढीलिंबाची एक कुंडी आणि पेंटासच्या दोन कुंड्या मावतात. मादी लिंबाच्या वासाने कितव्या मजल्यापर्यंत येईल हे सांगता येत नाही, परंतु दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरील लिंबाच्या कुंडीत अळ्या सापडणे ही शहरात नवलाची गोष्ट नाही. ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यावर ओवळा येथे राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या कुटुंबाच्या शेतजमिनीवर अशीच खाद्यवनस्पती लावून मोठी बाग केली आहे. तेथे जाळी किंवा पिंजरा नाही. फुलपाखरे स्वखुशीने येतात, आणि त्यांच्या शंभराहून अधिक जातींची तेथे नोंद झाली आहे.

महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरविले. असे करणारे ते भारतातील पहिले राज्य होय. निवड झाली ती 'नीलवंत' या फुलपाखराची. त्याचे मखमली काळे पंख पसरले म्हणजे बारा ते पंधरा सेंटिमीटर भरतात आणि त्यांवर आकाशी निळ्या रंगाचे मोठे डाग असतात. ते सह्याद्रीच्या रानांत राहते, तसे मुंबई-पुण्याच्या बागांतही येते. आणि त्याची अळी लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. म्हणजे राज्याच्या मानाचे हे फुलपाखरू परसातील लिंबावर जन्मास येणे अशक्य नाही.

बाग लावली म्हणजे सगळ्या अळ्यांची फुलपाखरे होतात असे मात्र समजू नये. मादीने घातलेल्या अंड्यांपैकी फारच थोडी शेवटपर्यंत पोचतात. मुंग्या अंडी नेतात. शिंपी पक्षी आणि दयाळ अळ्या उचलून आपल्या पिलांना भरवितात. खंडोबाचा किडा फांदीवर हात जोडून वाट पाहत असतो. एक प्रकारची बारीक गांधीलमाशी तर अळीच्या अंगातच अंडी घालते. मग कोशातून फुलपाखराऐवजी माश्याच बाहेर पडतात. आठवडाभर जपलेल्या अळीची अशी गत झालेली पाहून मुलाच्या डोळ्यांत पाणी येणे स्वाभाविक आहे. पण शिंप्याच्या पिलांनाही भूक असते. आणि प्रत्येक अंड्याचे फुलपाखरू झाले असते, तर कढीलिंबाला एकही पान उरले नसते. दोन-तीन अळ्या भोकाच्या झाकणाच्या डब्यात, रोज ताजी पाने घालून आणि घाण काढून, वाढविण्यास हरकत नाही. डब्यात एक उभी काडी मात्र हवी. बाकीच्यांना झाडावरच राहू द्यावे.

कामाला आरंभ करण्यास मृगाचा पाऊस उत्तम. जूनमध्ये लावलेली रोपे श्रावणापर्यंत जीव धरतात, आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत महाराष्ट्रात फुलपाखरांची सर्वांत अधिक गर्दी असते. याच काळात एक वही ठेवावी. तारीख, झाडाचे नाव, अंडे दिसले तो दिवस, कात टाकल्याचे दिवस, कोश झाला तो दिवस, एवढे लिहिले तरी पुरे. हिवाळ्यात कोशाला जास्त दिवस लागतात, हे मग कोणी सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात फुलपाखरे कमी होतात. तेव्हा झाडांना पाणी घालीत राहावे आणि पालापाचोळा सगळाच झाडून जाळू नये, कारण त्यातील काड्यांवरही कोश असतात.

कोश झाडावरच सापडेल असे नाही. अळी भटकत भटकत कुंपणावर, दाराच्या चौकटीवर, भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन लटकते. नेमकी याच सुमारास घरोघर दिवाळीची साफसफाई आणि रंगसफेदी चालू असते. जळमटे काढण्याच्या झाडूखाली असे किती कोश जात असतील, त्याची गणती नाही. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मुलांनी भिंती, खिडक्या आणि ओटीच्या तुळया पाहून ठेवाव्यात. सापडलेल्या कोशाभोवती खडूने वीतभर जागेचे वर्तुळ काढावे आणि तेवढी जागा सोडण्यास रंगाऱ्याला सांगावे. आठ-पंधरा दिवसांत कोश रिकामा होतो. मग तेवढा तुकडा घरच्या घरी रंगविता येतो.